कुष्ठरोगात रक्तवाहिन्यांनाही सूज येते का? मामाजींच्या रिपोर्टबद्दल

बांधीवरची

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण आरोग्याच्या धाग्यांवर इथे नीट बोललं जातं म्हणून विचारते.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, ६३ वर्षांचे, ब्रह्मपुरीकडे धानाची शेती करतात. गेल्या वर्षी घरोघरच्या तपासणीत आशाताईंना त्यांच्या कानाच्या पाळ्या जाड दिसल्या. केंद्रात नेलं, पाळीतून नमुना घेतला, कुष्ठरोग निघाला. एमबी, म्हणजे जास्त जंतूंचा प्रकार, म्हणून बारा महिन्यांची एमडीटीची (अनेक औषधं एकत्र द्यायच्या उपचाराची) पाकिटं सुरू झाली. चार-पाच पाकिटं सुरळीत गेली. मग अचानक ताप भरला आणि नडग्यांवर, दंडांवर लाल गाठी आल्या. गरम, आणि बोट लावलं तरी कळ जाते. आठवड्याभरात एक गाठ मावळते, निळसर काळा डाग ठेवते, तोवर दुसरीकडे दोन नवीन येतात. गंमत म्हणजे जुन्या चट्ट्यांवर नाही, चांगल्या कातडीवर येतात.

नागपूरला दाखवलं, तुकडा काढून तपासला. रिपोर्टात लेप्रोमॅटस लेप्रसी, ईएनएल आणि शेवटी 'स्मॉल व्हेसल व्हॅस्क्युलायटिस' असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले रिअ‍ॅक्शन आहे, गोळ्या लिहून दिल्या, एमडीटी थांबवू नका असंही बजावलं. पण बाहेर ही गर्दी, जास्त विचारता आलं नाही.

शाळेत असल्यापासून ऐकलंय की हा नसांचा (मज्जातंतूंचा) आजार, संवेदना जाते वगैरे. मग कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज कशी आली? जंतू रक्तात शिरलेत का? सासूबाईंचं एकच पालुपद, औषध उष्ण पडलं, बंद करा. नवऱ्यालाही तेच पटायला लागलंय. डॉक्टरांच्या गोळ्यांची चिठ्ठी अजून तशीच खिशात आहे.

तिखटजाळ

ती लाल-काळी गोळी फार गरम असते, आमच्या गावात एकाचं तर सगळं अंग काळं पडलं होतं. आठवडाभर बंद करून बघा, गाठी आपोआप जातील. ताक, सब्जा चालू ठेवा.

गावोगाव_सायकल

ताई, वरच्या भाऊंचं ऐकू नका. ताक पिऊ द्या, पण पाकीट बंद नको. आणि चिठ्ठी खिशातून काढा, तिचं काम आजच आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात अवैद्यकीय सहायक होतो, म्हणजे लोक ज्याला 'चट्टे पाहणारा' म्हणतात तो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण एमडीटी आमच्याकडे आली तेव्हा नोकरीत नवा होतो, आणि निवृत्तीपर्यंत तेच केलं. अशा गाठी पुष्कळ पाह्यल्या.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. हा नसांचाच आजार, पण नसांच्या मागे रक्तवाहिन्यांची फरफट होते. ती एका तऱ्हेने होत नाही, त्यामुळे लोकांचा घोळ होतो. मला जसं दिसत गेलं तसं सांगतो.

पहिली गोष्ट, चट्ट्यातली रक्तवाहिनी. ती स्वतः पुष्कळदा शाबूत असते, पण तिला हुकूम देणारी बारीक नस मेलेली असते. थंडीत आकस, गरमीत पसर, हे कातडीच्या बारीक रक्तवाहिन्यांना नसच सांगते. पाट फुटलेला नाही, दार धड आहे, पाणीही आहे, पण पाटकरीच गाव सोडून गेला तर बांधीला पाणी वेळेवर मिळेल का? तसं समजा. त्याच बारीक नसा घामाच्या ग्रंथींनाही चालवतात, म्हणून रोवणी करून आलेल्या माणसाचं सगळं अंग घामाने निथळत असतं आणि तेवढाच चट्टा कोरडा. गावात चट्टा शोधायला आमची ही साधी युक्ती होती, उन्हातून आलेल्या माणसाची पाठ पाहायची.

प्रशिक्षणात आम्हाला हिस्टामिनची चाचणी दाखवली होती. चांगल्या कातडीवर हिस्टामिनच्या पातळ द्रावणाचा थेंब ठेवायचा, त्यातून सुई हलकी टोचायची, पुसायचं. तीन गोष्टी होतात. टोचलं तिथे लाल ठिपका, भोवती दूरवर पसरणारी लाली, आणि मधे गांधीसारखा फुगवटा. विलायतेच्या डॉ. थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात हे नीट मांडलं. ठिपका आणि फुगवटा रक्तवाहिन्या आपल्या आपण करतात. भोवतालची लाली मात्र नसेशिवाय येत नाही. टोचल्याचा निरोप बारीक नसेतून जातो, शेजारच्या फांदीतून परत फिरतो आणि तिथल्या वाहिन्या उघडतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ठिपका येतो, फुगवटा येतो, लाली येत नाही. मला ती चाचणी फार आवडायची, कारण रोगी काही बोलायच्या आत कातडी बोलते. लहान लेकरांत तर कामाचीच, त्यांना 'लागतं का, नाही लागत' विचारून भरवसा नसतो. पण आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसणं मुश्कील, म्हणून गावात आम्ही बॉलपेन टेकवून स्पर्शच तपासायचो.

दुसरी गोष्ट, जंतू खुद्द रक्तवाहिनीत. हा जंतू (१८७३ साली नॉर्वेत बर्गनच्या डॉ. हॅन्सनने पाह्यला तो) फार सुस्त, एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात, आणि त्याला शरीरातली थंड जागा लागते. कानाची पाळी, नाक, भुवया, कोपर, गुडघे. म्हणून तर तुमच्या मामाजींच्या पाळ्या जाड झाल्या. मामाजींसारख्या लेप्रोमॅटस प्रकारात जंतू इतके होतात की कातडीतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही ते बसलेले सापडतात, आणि थोडे रक्तातूनही फिरतात. तेव्हा 'रक्तात शिरलेत का' याचं उत्तर हो, या प्रकारात तसं होतं. पण घाबरू नका, रक्त नासलं असा त्याचा अर्थ नाही, आणि इतक्या महिन्यांच्या एमडीटीनंतर त्यातले जवळजवळ सगळे मेलेले असणार.

मेलेले असणार म्हटलं, आणि तिथेच तिसरी गोष्ट सुरू होते. तुमच्या रिपोर्टातली.

औषधाने जंतू मरतात, फुटतात, पण त्यांचा मलबा लगेच अंगाबाहेर जात नाही. शरीर त्या तुकड्यांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तुकडा आणि प्रतिपिंड चिकटून गुठळं होतं, ते कातडीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत नि भोवती अडकतं. मग तिथे पांढऱ्या पेशी धावतात, भिंतीला सूज येते, वाहिनी पाझरते, प्रसंगी बंद पडते. वरून तीच लाल, गरम, दुखरी गाठ दिसते. ईएनएल म्हणजे हेच, टाइप टू रिअ‍ॅक्शन. जंतू सगळीकडच्या कातडीत होते, म्हणून गाठ चट्टा बघून येत नाही. मावळताना निळा-काळा डाग राहतो, कारण वाहिनीतून थोडं रक्त बाहेर सांडलेलं असतं.

तेव्हा औषध उष्ण पडलं नाही, आणि औषध हरलंही नाही. उलट ज्यांच्या नमुन्यात जंतूंचा आकडा (बॅक्टेरिअल इंडेक्स, ० ते ६ ची मोजणी) ४ किंवा वर असतो त्यांच्यात ही रिअ‍ॅक्शन जास्त येते. बहुतेकांना उपचाराच्या पहिल्या वर्षात, काहींना औषध सुरू व्हायच्या आधीच, काहींना पाकिटं संपल्यावरही. एमडीटी बंद केली तर रिअ‍ॅक्शन थांबत नाही, फक्त उरलेसुरले जंतू वाचतात.

आणि भाऊंनी सांगितलेला तो काळा पडलेला माणूस खरा असेल. एमडीटीतल्या क्लोफाझिमिन या औषधाने अंग तांबूस-काळं होतं, त्यातही जुने चट्टे जास्त. तो रंग औषधाचा, कातडीत साठतो, गोळी संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. त्याचा रक्ताशी संबंध नाही. मजा म्हणजे तीच क्लोफाझिमिन मोठ्या मात्रेत ईएनएलवर देतात, कारण ती सूजही उतरवते. फक्त परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात.

चिठ्ठीत बहुधा प्रेडनिसोलोन असेल. ती सूज उतरवायला. सकाळी जेवणानंतर, सांगितली तेवढीच, आणि बरं वाटलं म्हणून मधेच तोडायची नाही. मात्रा पायरीपायरीने उतरवतात.

कातडीवरच्या गाठी दिसतात म्हणून आपण त्याच मोजत बसतो. मला भीती दुसरीचीच. ही सूज डोळ्यात येते, अंडकोषात येते, सांध्यात येते आणि नसेत येते. डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत कळ किंवा मुंग्या आल्या, हाताची पकड ढिली झाली, चालताना पाऊल लटकलं, तर त्याच दिवशी दवाखाना. सिंदेवाहीकडे एक गृहस्थ होते, धट्टेकट्टे, बैलबंडी हाकणारे. गाठी आल्या, तर पाकिटं कणगीवर ठेवून दिली आणि दोन महिने वैदूकडे गेले. मी पोचलो तोवर गाठी गेल्या होत्या, करंगळी आणि अनामिका आत वळल्या होत्या. पुढे गोळ्यांनी दुखणं गेलं, बोटं सरळ झाली नाहीत.

बांधीवरची

काका, किती नीट सांगितलंत. नवऱ्याला वाचून दाखवलं, सासूबाईंनाही. प्रेडनिसोलोनच आहे, ४० मिलिग्रॅमपासून सुरू, आज सकाळी दिली.

अजून एक. मामाजींची पावलं आणि बोटं हिवाळ्यात बर्फासारखी गार असतात. आजेसासऱ्यांनाही हाच आजार होता म्हणे, त्यांची बोटं झडली होती. ती रक्त न पोचल्यामुळे झडतात का, म्हणजे मधुमेहात पाय काळा पडतो तसं? नवऱ्याने पाय शेकायला सुरुवात केलीय, शेकोटीजवळ बसवतो.

गावोगाव_सायकल

शेकोटी आजपासून बंद! आमच्या भागात दिवाळीनंतर पायाला फोड आलेले रोगी केंद्रात यायचे ते याच कारणाने. पाय गार पडतो, कारण वाहिन्या उघडायचा हुकूम नीट पोचत नाही. म्हणून माणूस विस्तवाजवळ सरकतो, आणि चटका लागलेला कळतच नाही. सकाळी उठला की टाचेला हा एवढा फोड. जाड मोजे, पांघरूण, एवढंच.

बोटं 'झडत' नाहीत, ताई. कुठल्याच रोग्याचं बोट सकाळी अंथरुणात गळून पडलेलं मी पाह्यलं नाही. संवेदना नाही म्हणून काटा, चटका, चपलेचा खिळा कळत नाही. जखमेवर चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजतं, आणि बोट आखूड होत जातं.

मधुमेहाशी तुलना केलीत ते बरं झालं, कारण फरक तिथेच कळतो. मधुमेहात बहुतेकदा नसही जाते आणि पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात. कुष्ठरोगात मोठ्या वाहिन्या साधारणपणे चांगल्या असतात. मामाजींच्या पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या सरळ रेषेत वर बोट ठेवून पाहा, ठोका लागेल. म्हणूनच कुष्ठरोग्याच्या तळव्याची जखम, तिच्यावर भार दिला नाही तर, छान भरते. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं. प्लास्टर घालून पायाला आराम दिला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. लोक तोवर समजायचे की मांसच सडकं आहे.

तर रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग भेगांवरची जाड कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासायची, ओलसर असतानाच खोबरेल तेल. घाम येत नाही म्हणून कातडी सुकते, सुकली की फाटते, फाटली की जखम. आणि केंद्रातून एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल मागून घ्या. मिळते. लाजू नका, आजकाल साध्या चपलेसारखीच दिसते.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजीत रेसिडेंट आहे, अशा स्लाइड बघण्याचा योग मुंबईत बऱ्यापैकी येतो. काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, आमच्या पुस्तकांपेक्षा सरळ. दोन गोष्टींची भर घालते.

एक म्हणजे ईएनएलच्या प्रत्येक तुकड्यात व्हॅस्क्युलायटिस दिसतोच असं नाही. पुष्कळदा चामडीच्या खालच्या थरात आणि चरबीत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशींची गर्दी असते, बाजूला फेसाळ दिसणाऱ्या मोठ्या पेशी, त्यांच्यात जंतूंचे तुकडे. वाहिनीची भिंत सुजलेली दिसली तर आम्ही तसं लिहितो. त्यामुळे तो शब्द वाचून 'आणखी एक नवा आजार' असं समजू नका, तो याच रिअ‍ॅक्शनचा भाग आहे. रिपोर्टात जंतू 'फ्रॅगमेंटेड' किंवा 'ग्रॅन्युलर' लिहिलेत का ते पाहा. तसं असेल तर चांगलंच, म्हणजे ते मेलेत.

दुसरं, रक्तवाहिन्या फक्त फरफटत जातात असं नाही, त्या जंतूंची वाटही असू शकतात. अमेरिकेत लुइझियानामध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोवर अभ्यास झाला (त्या प्राण्याचं अंग थंड असतं, जंतू त्यात मस्त वाढतो). त्यात जंतू आधी नसेच्या बाहेरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दिसले, आणि तिथून आत शिरत असावेत असा निष्कर्ष निघाला. म्हणजे नसेला रक्त पुरवणारी वाहिनीच तिच्या घराचं दार ठरते. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा फार विलक्षण वाटली होती.

रक्तवाहिन्यांवरचा सगळ्यात भयंकर घाव मात्र आपल्याकडे क्वचितच दिसतो, तो मेक्सिकोचा. १८५२ मध्ये मेक्सिको सिटीत लुसिओ आणि अल्वारादो या डॉक्टरांनी लिहून ठेवलेला. तिथल्या एका प्रकारात चट्टे नाहीत, गाठी नाहीत. सगळी कातडी गुळगुळीत, जरा फुगीर, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेलेल्या, फक्त भुवया-पापण्या झडलेल्या. लोक त्याला 'सुंदर कुष्ठ' म्हणायचे. अशा माणसाच्या पायांवर एक दिवस वेड्यावाकड्या कडांचे जांभळे डाग येतात, काळे पडतात आणि तिथे कोनाकोनांच्या जखमा होतात. वाहिन्यांच्या अस्तरातच इतके जंतू असतात की आत रक्त गोठतं आणि वरची कातडी मरते. १९४८ मध्ये लतापी आणि चेवेझ-झामोरा यांनी याला लुसिओ फिनॉमिनन नाव दिलं. २००८ मध्ये तर ह्यूस्टनमध्ये अशाच रोग्यांमधून दुसरा, चुलत जंतू सापडला, मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस.

मामाजींचं हे नाही, स्पष्ट सांगते. त्यांच्या गाठी लाल, फुगीर आणि येऊन-जाऊन आहेत. पण गाठींच्या जागी कातडी काळी पडून फुटायला लागली तर थांबू नका. ईएनएलही कधी कधी इतकी तीव्र होते की गाठी फुटतात, मग भरती करावं लागतं.

तिखटजाळ

मागे घेतो बुवा माझा सल्ला. पण थॅलिडोमाइड नावाचं औषध यावर चालतं असं ऐकलंय, ते बंदी असलेलं ना?

स्लाइडवाली

चालतं, आणि चांगलं चालतं. १९६० च्या दशकात जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी ईएनएलच्या वेदनांनी झोप न लागणाऱ्या रोग्याला ते झोपेची गोळी म्हणून दिलं, तर गाठीच ओसरल्या. पण गरोदरपणात एकही गोळी गेली तर बाळाला गंभीर व्यंग येतं, म्हणून कडक नियमांखाली तज्ज्ञच देतात. त्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात, विशेषतः सोबत स्टिरॉइड असेल तर. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नाही ते.

बांधीवरची

रिपोर्ट परत काढून पाहिला, 'फ्रॅगमेंटेड' लिहिलंय! पावलावरचा ठोकाही लागला, दोन्हीकडे. सासूबाईंनी स्वतः बोट ठेवून पाहिलं आणि मग पाकिटातली आजची गोळी स्वतःच काढून दिली.

प्रेडनिसोलोन चालू असताना अजून काय सांभाळायचं? आणि घरातल्या आम्हा सगळ्यांना एक-एक गोळी देणार आहेत, ती घ्यायची ना? लहान मुलगी पाच वर्षांची आहे.

गावोगाव_सायकल

घ्यायची. ती रिफॅम्पिसिनची एकदाच द्यायची मात्रा आहे, रोग्याच्या सहवासातल्यांना देतात, लहानांना वयाप्रमाणे कमी. दिल्यावर लघवी लाल झाली तर घाबरून फोनाफोनी करू नका, दिवसभरात जाते. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला कावीळ किंवा क्षयाची लक्षणं असतील तर देणाऱ्याला आधी सांगा.

प्रेडनिसोलोनचं म्हणाल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, नसेल केलं तर याच आठवड्यात, आणि मग मधूनमधून. ६३ वय आहे, साखर वाढू शकते. जंताची गोळी दिली नसेल तर विचारा. मीठ कमी. पोटात जळजळ, काळी शौचास, किंवा खोकला-ताप लांबला तर कळवा. आणि दर भेटीला कुष्ठरोग तंत्रज्ञाला म्हणा, 'नसांचा तक्ता भरा'. बोटांची ताकद नि बॉलपेनचा स्पर्श मागच्या वेळेपेक्षा कमी झाला का, ते त्यावरून कळतं. गाठी गेल्या तरी तो तक्ता भरून घ्यायचाच.